घरची बोली आणि शाळेची भाषा

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : सहायक शिक्षक, बी. ए., बी. एड.)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. विषय मात्र मी स्वतःच मागून घेतला. निकालाच्या दिवशी गुणपत्रक हातात घेऊन पालक आम्हां शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, पोरगा घरात दिवसभर बोलत असतो, मग शाळेत त्याचं तोंड का उघडत नाही?" घाईगर्दीत या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. "अभ्यास कमी पडतो, लक्ष द्या," एवढेच सांगून आम्ही पुढच्या पालकांकडे वळतो. आज थोडा निवांत वेळ आहे, तेव्हा या एकाच प्रश्नाचा विचार आपण मिळून करावा असे मला वाटते.

आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. रेवदंड्यापासून मुरूड, राजपुरी, दिघी, बोर्ली-पंचतन, श्रीवर्धन ते थेट बाणकोटच्या खाडीपर्यंत, आणि आत म्हसळा, तळा, आंबेतपर्यंत आपली वस्ती विखुरली आहे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याआधी १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले. राज्ये आली आणि गेली, पण आपल्या घरांतली कोकणी बोली कायम राहिली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात मराठीबरोबर कोकणपट्टीतल्या बोलींचीही नोंद आहे. तात्पर्य, आपली बोली म्हणजे कोणाची तरी बिघडलेली भाषा नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, शब्दसंपत्ती आहे, आणि लग्नघरात बायका म्हणतात ती गाणीही आहेत.

आता अशा घरातल्या सहा वर्षांच्या मुलाचा एक दिवस पाहू. सकाळी अम्मी त्याला कोकणीत उठवते. मकतबात तो अरबी कायदा वाचतो. तिथून उर्दू माध्यमाच्या शाळेत जातो. तिथे उस्ताद उर्दूत बोलतात आणि पुस्तकेही उर्दूत असतात. मराठीचा एक तास असतो. इंग्रजी तर आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. संध्याकाळी बंदरावर आगरी-कोळी मंडळींची बोली कानांवर पडते आणि रात्री मोबाइलवर हिंदी. हे मूल दिवसभरात इतक्या भाषांच्या दारांतून आत-बाहेर करते की मोठा माणूसही गोंधळून जावा. शेजारचा मुलगा मराठी शाळेत जात असेल, कोणी इंग्रजी शाळेत जात असेल. तपशील बदलतो, मूळ गोष्ट एकच राहते. घरी बोलली जाते ती भाषा शाळेची नाही, आणि शाळेची भाषा घरी कोणी बोलत नाही.

गप्प मूल काय करीत असते?

असे मूल वर्गात आले की पहिले काही आठवडे, कधी कधी काही महिने, गप्प बसते. आपण समजतो, याला काही येत नाही. प्रत्यक्षात ते ऐकत असते. कोणत्या आवाजाला कोणता अर्थ आहे, उस्ताद "किताब खोलो" म्हणाले की बाकीची मुले काय करतात, हे ते टिपून घेत असते. तान्हे बाळ वर्षभर नुसते ऐकते आणि मग बोलू लागते, तेव्हा त्याला कोणी मठ्ठ म्हणत नाही. सहा वर्षांचे मूल दुसऱ्या भाषेत शिरताना हेच करते, तेव्हा मात्र आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो.

या मौनानंतर एकेक सुटा शब्द येतो, मग दोन-तीन शब्दांचे मोडके वाक्य. पुढे कोकणी आणि उर्दूची सरमिसळ होते आणि मग हळूहळू भाषा स्थिर होते. वर्गात एखादे मूल म्हणते, "मना समजला नाय." एखाद्याने त्याला "उर्दू में बोलो" म्हणून दरडावले, तर पुन्हा विचारायला ते धजणार नाही. याउलट शिक्षकाने शांतपणे म्हटले, "अच्छा, समझ में नहीं आया? कौन-सी बात समझ में नहीं आई?" तर मुलाला त्याचे उत्तर मिळते आणि पुढच्या वेळी वापरायला एक पुरे वाक्यही मिळते. वेळ दोन्हींत सारखाच जातो. फळात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

खेळण्याची भाषा आणि पुस्तकाची भाषा

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पालक म्हणतात, "आता तर पोरगी फडाफडा उर्दू बोलते, तरी विज्ञानात नापास कशी?" कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली याचा उलगडा केला. त्यांनी भाषेचे दोन थर सांगितले. मैदानावर, दुकानात, मित्रांशी लागते ती बोलण्याची भाषा एक. पुस्तक समजायला, कारण सांगायला, तुलना करायला लागते ती अभ्यासाची भाषा दुसरी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे पहिलीत आलेले मूल अभ्यासाच्या भाषेत खऱ्या अर्थाने पाय रोवते ते पाचवी-सातवीच्या सुमारास. आणि आपण तर त्याचा निकाल दुसरीतच लावून टाकतो!

एक साधे उदाहरण घ्या. बंदरावर उभा असलेला आपला दहा वर्षांचा मुलगा टोपलीतल्या मावऱ्याचा हिशेब तोंडी करतो, एक पैसा चुकत नाही. त्यालाच शाळेत लेखी उदाहरण येते : एका टोपलीत ४८ बांगडे होते, त्यांपैकी १५ विकले, उरलेले ३ घरांत सारखे वाटले, तर प्रत्येकी किती आले? मुलगा पाहत राहतो. ४८ मधून १५ वजा करणे त्याला येते, ३३ ला ३ ने भागणेही येते. अडते ते "त्यांपैकी", "उरलेले", "प्रत्येकी" या तीन शब्दांपाशी. उर्दू शाळेत याच क्रियांना जमा, तफ़रीक़, ज़र्ब, तक़सीम म्हणतात. मराठीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. मुलाचे गणित पक्के आहे, कच्ची आहे ती गणिताची भाषा. आपण मात्र त्याला गणिताची शिकवणी लावतो. दुखणे पोटाचे आणि मलम गुडघ्याला!

चुकांच्या आत काय असते?

मुलांच्या चुका नीट पाहिल्या तर त्या आंधळ्या नसतात. आपल्या बोलीत मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत, उर्दूत दोनच. पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, उर्दूत किताब स्त्रीलिंगी. मूल "मेरा किताब" म्हणते, कारण घरच्या बोलीचा नियम ते नव्या भाषेला लावून पाहत असते. नियम लावता येणे हे बुद्धीचे लक्षण आहे. तेव्हा अशा वेळी हसू नये. "हाँ, तुम्हारी किताब कहाँ है?" असे म्हणून बरोबर रूप त्याच्या कानावर घालावे. दहा वेळा कानावर पडले की अकराव्या वेळी ते आपोआप तोंडात येते.

लिपीचेही तसेच आहे. आपले मूल शाळेत येण्याआधी कायद्यातून अलिफ-बे शिकलेले असते. ही मोठी पुंजी आहे. पण कायद्यातली अक्षरे नस्ख वळणाची असतात आणि त्यांवर ज़ेर-ज़बर-पेश दिलेले असतात. उर्दूचे पुस्तक नस्तालीक़ वळणाचे, त्यात ज़ेर-ज़बर बहुधा नसतातच. पे, टे, चे, डाल, गाफ ही अक्षरे अरबीत नाहीत, ती नव्याने शिकावी लागतात. शिवाय एकाच स आवाजासाठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे, आणि ज़ साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए अशी चार. साबुन स्वादने लिहायचा, सफ़र सीनने आणि सवाब सेने, हे कानाने कळणार कसे? ते डोळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहूनच येते. तासाभराने देवनागरी उघडली की उजवीकडून डावीकडे जाणारा हात डावीकडून उजवीकडे न्यायचा. "कि" लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा. ळ आणि ण यांना उर्दूत अक्षरच नाही. त्यानंतर इंग्रजीची ए-बी-सी-डी. तीन लिप्यांचे हे ओझे आपली मुले वयाच्या आठव्या वर्षापर्यंत उचलतात, ही गोष्ट मला तरी कौतुकाची वाटते. आणि म्हणूनच "अजून नीट लिहिता येत नाही" हे वाक्य बोलण्याआधी आपण क्षणभर थांबावे.

आणखी एक गोष्ट अदबीने सांगतो. कुरआनच्या नाज़िरा पठणात शुद्ध उच्चार हे साध्य असते आणि ते योग्यच आहे. शाळेच्या वाचनाचे साध्य मात्र अर्थ हे आहे. मूल पान घडाघडा वाचते म्हणून आपण समाधान मानतो, पण वाचून झाल्यावर "यात काय सांगितलंय?" असे विचारले की ते गप्प होते. दोन्ही वाचनांतला हा फरक मुलाला आपणच समजावून द्यायला हवा.

आपण कुठे चुकतो?

पहिली चूक म्हणजे घरची बोली सोडणे. हल्ली काही घरांत आई-वडील मुलांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत किंवा ओढून-ताणून उर्दूत बोलतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. आईला ज्या भाषेत शंभर गोष्टी सांगता येतात ती बाजूला राहते, आणि ज्या भाषेत तिला दहाच वाक्ये येतात ती मुलाच्या वाट्याला येते. मुलाची विचार करण्याची ताकद ज्या भाषेत वाढायची, तीच उपाशी राहते. भरती-ओहोटी का होते, उधाणाला होडी का काढू नये, आजोबा कोणत्या जहाजावर होते, हे सगळे मुलाला कोकणीत भरभरून सांगा. एकदा कल्पना पक्की झाली की तिचे उर्दू, मराठी किंवा इंग्रजी नाव शिकायला फार वेळ लागत नाही. कल्पनाच नसेल तर नुसते नाव पाठ करून काय उपयोग?

दुसरी चूक मध्येच माध्यम बदलण्याची. दोन वर्षे उर्दू, मग शेजाऱ्याचे पाहून इंग्रजी, तिथे जमले नाही की मराठी. पाच-सात वर्षांत पिकणारे रोप आपण दर दोन वर्षांनी उपटून दुसऱ्या जागी लावतो आणि वर फळ का धरत नाही म्हणून विचारतो. कोणते माध्यम निवडायचे हा पालकांचा हक्क आहे. उर्दू असो, मराठी असो, सेमी-इंग्रजी असो वा इंग्रजी, विचारपूर्वक निवडा आणि मग तिथे टिकून राहा.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते, ती म्हणजे शिक्का मारण्याची. तिसरी-चौथीत "याच्या डोक्यात काही शिरत नाही" असे एकदा ठरले की ते मूल स्वतःही तसेच समजू लागते. मुलगा असेल तर सातवी-आठवीनंतर जाळ्यावर जातो किंवा पासपोर्टची वाट पाहतो. मुलगी असेल तर घरी बसते. तिची अडचण बुद्धीची नव्हती, पुस्तकातल्या वाक्यांची होती, हे कधी कोणाच्या लक्षातच येत नाही. भाषेच्या अडचणीपायी शाळा सुटलेली मुलगी पुढे तिच्या मुलांची अम्मी होते आणि तीच अडचण पुढच्या पिढीला मिळते. हा फेरा आपल्याला तोडायचा आहे.

खरोखर दोष असेल तर

मात्र एक भेद लक्षात ठेवा. जे मूल घरी कोकणीत मनसोक्त बोलते आणि शाळेत गप्प बसते, त्याला वेळ आणि आधार हवा. जे मूल घरच्या बोलीतही मागे आहे, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर वळून पाहत नाही, किंवा ज्याचा कान वारंवार वाहतो, त्याची तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणारे मूल बऱ्याचदा बेशिस्त किंवा मंद समजले जाते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुले तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाणी आणि श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. यात लाज कसली? डोळ्यांना चष्मा लावतो, तसाच कानाचा इलाज.

कायदा आणि अनुभव

मुलाच्या घरच्या भाषेला शाळेत मान द्यावा ही काही माझ्या मनातली कल्पना नाही. युनेस्कोने १९५३ सालीच मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार करणारा अहवाल काढला. आपल्या घटनेत १९५६ साली कलम ३५० अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तितके मातृभाषेतून शिकवा म्हणतो, आणि २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. बालभारती ही संस्था १९६७ साली स्थापन झाली आणि तिची पुस्तके उर्दूसह आठ भाषांत निघतात. कोकणीत पाठ्यपुस्तके नाहीत, पण वर्गात कोकणीत समजावून सांगायला कोणी बंदी केलेली नाही.

आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखविले. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झाले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेकडे फिरकत नाहीत म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. शाळा मुलांच्या अंगणात नेली. मुलांची बोली, मुलांची गाणी, आसपासचे दगड, पाने, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य केले. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर झाला, तो याच कामातून. जे वारली मुलांसाठी होऊ शकले, ते कोकणी बोलणाऱ्या मुलांसाठी का होऊ नये? शिंपले तर आपल्याकडेही आहेत!

मराठी परकी नाही

उर्दू माध्यमातल्या पालकांना मराठीविषयी मुद्दाम दोन शब्द सांगतो. आपल्या मुलांना मराठी अवघड जाते, अशी तक्रार असते. वास्तविक कोकणी बोलणाऱ्या मुलाला मराठी सर्वांत सोपी जायला हवी. तीच तीन लिंगे, तीच रोजची शेकडो नावे, वाक्याचा तोच डौल. कोकणीत "मना" तिथे मराठीत "मला", एवढाच फेर अनेक ठिकाणी असतो. हा पूल आपण मुलांना दाखवीत नाही, म्हणून ती मराठीला दूरची समजतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात "योगसंग्राम" मराठीत रचला. या भाषेत आपण पाहुणे नाही. तलाठी आणि पोलीस भरतीच्या परीक्षांत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात, आणि कचेरीतला अर्जही मराठीत लिहावा लागतो. उर्दू आपली तहज़ीब आहे, ती जपूच. मराठी आपल्या मातीची आणि हक्काची भाषा आहे, ती मिळवूही.

मग काय करावे?

प्रथम मातांना विनंती. "मला उर्दू वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही, मी काय शिकवणार?" असे म्हणू नका. मूल शाळेतून आले की भाकरी वाढताना एवढेच विचारा, "आज काय शिकलास ते मला आपल्या बोलीत सांग." उर्दूत ऐकलेले कोकणीत सांगताना मुलाला अर्थ समजून घ्यावाच लागतो. रोजची ही दहा मिनिटे महिन्याच्या शिकवणीच्या तोडीची आहेत. दादी-नानींनी गोष्टी सांगाव्यात आणि मुलांनाही सांगायला लावाव्यात.

वडीलमंडळींपैकी अनेकजण कुवेत, दुबई, सौदीला किंवा जहाजावर असतात. फोनवर "अभ्यास करतोस ना?" एवढे विचारले की मूल "हो" म्हणते आणि बोलणे संपते. त्याऐवजी एखादा धडा सांगायला लावा. मुलाला वाचून दाखवायला सांगा. तुमच्या गावी आज काय झाले, ते तुम्ही त्याला सांगा. पैसा तुम्ही पाठवताच, त्याबरोबर थोडी भाषाही पाठवा.

शिक्षक बंधू-भगिनींनी प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. उत्तर कोकणीत आले तरी आधी स्वीकारावे आणि मग शाळेच्या भाषेत ते पुन्हा म्हणावे. धड्याआधी त्यातले आठ-दहा अवघड शब्द चित्राने, वस्तूने, कृतीने ओळखीचे करून द्यावेत. लिहून घेण्याआधी बोलून घ्यावे. दोन मुलांची जोडी अशी लावावी की एकाला भाषा थोडी अधिक येते आणि दोघांना घरची बोली एकच आहे. गणिताच्या पेपरात भाषेच्या चुकांचे गुण कापू नयेत. २०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट त्याने २०२६-२७ पर्यंत ठेवले. "समजून" हा शब्द आपण विसरू नये.

आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक युक्ती. दहावीपर्यंत तुम्ही ज़ियाई तालीफ़ शिकता, अकरावी विज्ञानाला गेलात की तीच गोष्ट फोटोसिंथेसिस म्हणून समोर येते, आणि मराठी वर्तमानपत्रात तिला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. कशिश-ए-सिक़्ल, गुरुत्वाकर्षण आणि ग्रॅव्हिटी हे एकच. अनेक हुशार मुले अकरावीत खचतात ती विषयाने खचत नाहीत, या नावांनी खचतात. म्हणून आठवीपासून एक वही करा, तिला तीन रकाने आखा, उर्दू, मराठी, इंग्रजी. मराठी शाळेतल्यांना दोन रकाने पुरतील. रोज पाच शब्द लिहिलेत तर शाळेच्या दोनशे दिवसांत हजार शब्द होतात. तीन वर्षांत ही वही तुमची सर्वांत मोठी संपत्ती ठरेल.

आणि मोठ्या मुलांनो, लहान मुलाच्या चुकीच्या उर्दूला, इंग्रजीला किंवा मराठीला हसू नका. तुमच्या एका हसण्याने त्याचे तोंड वर्षभर बंद होते. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवा. त्यांची भाषा वाढेल आणि तुमचीही.

शेवटी संस्थेकडे तीन मागण्या नम्रपणे मांडतो. प्रत्येक प्राथमिक वर्गात गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी असावी, आणि ती कुलूपबंद नसावी. शाळेच्या वेळेनंतर अर्धा तास मागे राहिलेल्या मुलांसाठी बोलण्या-वाचण्याचा वर्ग असावा, पाठांतराचा नव्हे. आणि वर्षातून एकदा, २१ फेब्रुवारीला, शाळेत कोकणी बोलीचा दिवस साजरा व्हावा. १९५२ साली ढाक्यात आपल्या मातृभाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले, तो हा दिवस. १९९९ साली युनेस्कोने तो जागतिक मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी आजी-आजोबांनी शाळेत यावे, गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत. आपल्या घरच्या बोलीला शाळेच्या व्यासपीठावर खुर्ची मिळाली, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, आपण समुद्राकाठची माणसे आहोत. ओहोटीला होडी चिखलात रुतून बसते म्हणून ती कोणी फोडून टाकीत नाही. ती डागडुजी करून ठेवतात आणि पाणी चढण्याची वाट पाहतात. वर्गात गप्प बसलेल्या मुलासाठी आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रकात लाल शेरा दिसला, तर मुलाला काही म्हणण्याआधी शिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारा, "याला विषय समजला नाही की भाषा?" आम्हां शिक्षकांनाही त्याचे नीट उत्तर द्यावे लागेल.